मिस्त्रींची लाल दोरी

पाचूबंदरला बोटीचं इंजिन अडलं की लोक दोनच नावं घेत. पहिलं देवाचं, आणि देवाला यायला उशीर झाला तर आगाशीच्या चंद्रहास मिस्त्रींचं.

मिस्त्रींचं येणं म्हणजे रंगमंचावरचा प्रवेशच. एका हातात हत्यारांची पिशवी, खांद्यावर पंचा, आणि चाल इतकी संथ की जणू तिसरी घंटा यांच्या परवानगीशिवाय वाजणारच नाही. बोटीत पाय ठेवला की कुणाशी बोलणं नाही. इंजिन चालू करायला सांगायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. भोवती खलाशी श्वास रोखून उभे. मग एकच वाक्य यायचं, “तिसरं नोझल.” खोलून बघावं तर बिघाड तिसऱ्याच नोझलमध्ये असायचा. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. आता पासष्टी उलटली होती, तरी कान शाबूत होता. आणि खरं सांगायचं तर टाळ्यांची भूकही.

त्यांची आणखी एक रीत होती. पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. तेव्हा सायलेन्सरच्या उभ्या पाइपातून पाणी किंवा उंदीर आत जाऊ नये म्हणून मिस्त्री त्याच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा ठोकायचे. कापड घरचंच, बायकोच्या, लतिकाबाईंच्या, जुन्या पातळाचं. बोळ्याला लाल दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक इंजिनच्या चावीला. म्हणजे चावी घेणाऱ्याच्या हाताला आधी दोरी लागणार आणि बोळा आठवणार. “बोळा विसरलात तर इंजिन बोलेल कुठून? त्याचं नाकच दाबलंय की!” असं ते दरवर्षी सगळ्यांना बजावायचे.

त्या जूनमध्ये ‘इझाबेल’ बोटीचं इंजिन त्यांनी स्वतः खोललं, जुळवलं, चालवून बघितलं आणि बोळा ठोकला. दोरी पिशवीत सापडेना. आगाशीची बस सुटायला आली होती. उद्या बांधू, म्हणून ते गेले. उद्या धो धो पाऊस लागला. परवा ते विसरले.

ऑगस्ट उजाडला. बोटींना आशीर्वाद देण्याचा दिवस आला. ‘इझाबेल’ पाण्यात उतरली होती, झेंडूच्या माळांनी आणि पताकांनी नटली होती. त्यातली सगळ्यात जाड माळ सायलेन्सरच्या पाइपालाच गुंडाळलेली. बोटीची मालकीण मार्गारेट, नवऱ्यामागे एकटीने बोट चालवणारी बाई, आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, “मिस्त्री, येकदा चालू करून बघूया का?”

“मार्गारेटबाय, इंजिन माझ्या हातचं आहे. पहिल्या सेल्फला नाही बोललं तर मिशी उतरवीन.”

फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. धक्क्यावर अख्खा गाव. पाचला भरती पूर्ण होणार, त्याच्या आत बाहेर पडायचं. उशीर झाला की खाडीच्या तोंडाशी बोट गाळात बसणार. इंजिन सांभाळणारा बर्नार्ड, पन्नाशीचा, अबोल माणूस, त्याने चावी फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरलं. पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. तेच.

“मिस्त्री, मिशी!” धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

मिस्त्री बोटीत उतरले. बॅटरी ठीक. डिझेलच्या नळीतली हवा काढली. फिल्टरची वाटी खोलून उजेडात धरली. तळाशी पाण्याचे चार थेंब होते. तसे ते कुठल्याही फिल्टरमध्ये असतात, चार थेंबांनी इंजिन अडत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण धक्का बघत होता, आणि त्यांना एक वाक्य हवं होतं.

“डिझेलात पाणी,” ते वाटी उंचावून म्हणाले. “टाकी कोणी भरली?”

“मी,” बर्नार्ड म्हणाला.

“झाकण घट्ट लावलं होतंस?”

“लावलं व्हतं, मिस्त्री.”

“शुद्धीत लावलं व्हतं का रे?” धक्क्यावरून आवाज आला. पुन्हा हशा.

बर्नार्डने दारू सोडून दोन वर्षं झाली होती. त्याची बायको विनी मार्गारेटच्या दारात तीनदा येऊन रडली, तेव्हा कुठे त्याला या बोटीवर काम मिळालं होतं. तो मिस्त्रींकडे बघत राहिला. मिस्त्रींनी एक शब्द टाकला असता तर तिथेच मिटलं असतं. त्यांनी तो टाकला नाही.

“बर्नार्ड, तू खाली उतर,” मार्गारेट म्हणाली. “इंजिन माझा पुतन्या बघंल.”

बर्नार्ड जेवणाचा डबा घेऊन उतरला. गर्दीने त्याला वाट दिली. विनीने पदर तोंडाला लावला.

मिस्त्रींनी फिल्टर पुसला, नळी पुन्हा भरली. चावी फिरवली. इंजिन तसंच. नोझलची नळी सैल केली तर डिझेलची पिचकारी उडत होती. म्हणजे डिझेल पोचतंय. मग निदान न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर तरी यायला हवा. त्यांनी मान वर केली. पाइपातून धुराची रेघही नव्हती. नुसते झेंडू.

ते केबिनच्या टपावर चढले, गर्दीकडे पाठ केली, माळ बाजूला सारली. लतिकाबाईंच्या जांभळ्या पातळाचा काठ. दोन्ही हातांनी बोळा उपटला, खिशात कोंबला आणि खाली येऊन चावी फिरवली.

इंजिन पहिल्या सेल्फला गरजलं.

टाळ्या! शिट्ट्या! मार्गारेटने त्यांच्या हातात नारळ ठेवला. “तुमी हाव म्हनून, मिस्त्री!” आयुष्यभर ज्या क्षणासाठी ते जगले तो क्षण समोर हात जोडून उभा होता, आणि त्यांना वाटलं, आत्ता कुणीतरी पडदा पाडावा. बोट गेली. धक्क्याच्या टोकाला बर्नार्ड डबा धरून उभा होता. मिस्त्री दुसऱ्या बाजूने निघून गेले.

घरी त्यांनी बोळा हत्यारांच्या पेटीत दडपला. पण लतिकाबाईंना दुसऱ्याच दिवशी सुतळी हवी झाली आणि त्यांनी पेटी उघडली.

“अहो, हा बोळा ‘इझाबेल’चा ना? घरी कसा?”

“काढला.”

“कधी?”

“काल.”

“इंजिन चालू व्हायच्या आधी की नंतर?”

मिस्त्री ताटातली भाकरी मोडत राहिले.

“गावभर झालंय की त्या बर्नार्डने टाकीत पाणी घातलं,” त्या हळू म्हणाल्या. “मला बाजारात कोळणीने सांगितलं. मी तिला म्हटलं, आमच्या ह्यांची पारख चुकत नाही हो. माझ्या तोंडून वदवलंत ते.”

तीन दिवसांत चार बोटवाल्यांचे फोन आले. “काय नजर मिस्त्री तुमची! पाच मिनटांत पानी वळखलं!” प्रत्येक कौतुकासरशी कानशिलं तापायची. एकाकडेही ते गेले नाहीत. ताप आहे, सांगितलं.

शनिवारी ‘इझाबेल’ परतली. बर्नार्डच्या घरी जाऊन हात जोडावेत, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण त्याची अब्रू घेतली ती सगळ्या गावासमोर. मग परत करायची ती माजघरात कुजबुजून कशी?

रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते बसने गेले आणि चर्चच्या आवारात उभे राहिले. मिस्सा सुटली, माणसं बाहेर आली. “मिस्त्री, तुमी हितं?” मार्गारेट हसत पुढे झाली. मिस्त्रींनी खिशातून बोळा काढून वर धरला. ज्या माणसाला गर्दी दिसली की कंठ फुटायचा, तो आज बोळ्याकडेच बघत बोलू लागला.

“डिझेलात पाणी नव्हतं,” ते म्हणाले. “पाइपात हा होता. मी ठोकलेला. दोरी बांधायला विसरलो. आणि... आणि कळल्यावरही बोललो नाही. बर्नार्डची काही चूक नव्हती.”

कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. मार्गारेटचा चेहरा उतरला, कारण बर्नार्डला बोटीतून उतरवलं होतं तिनेच.

गर्दीतून बर्नार्ड पुढे आला. मिस्त्रींनी हात जोडले.

“ठावं व्हतं मला,” बर्नार्ड म्हणाला. “टपावरनं उतरलात तवा खिशातनं काठ लोंबत व्हता. धक्क्यावरनं दिसला.”

“मग बोलला का नाहीस, बाबा?”

“कोनी ऐकलं असतं? तुमी मिस्त्री, मी बेवडा. म्हनले असते, पिऊन बडबडतो.”

मिस्त्रींनी गर्दीसमोर मान खाली घातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“उद्या नवाची भरती हाय,” मार्गारेट बर्नार्डकडे न बघता म्हणाली. “डबा घेऊन ये.” मग थांबून, “माझंबी चुकलं.”

सोमवारी मिस्त्री धक्क्यावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पिशवी नव्हती, पंचा नव्हता. हातात फक्त लाल दोरीचं नवं बंडल होतं. ते त्यांनी बर्नार्डपुढे धरलं. बर्नार्डने घेतलं आणि बोटीत ठेवलं.

मग तो सावकाश टपावर चढला. पाइपाच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला, आत चांगला फिरवला, बाहेर काढला आणि काळा झालेला रिकामा तळवा सगळ्या धक्क्याला दाखवला. हशा उसळला. विनीसुद्धा हसली. मिस्त्रीही हसले, कान लालबुंद झालेले, नजर पायांशी.

इंजिन चालू झालं. आवाज ऐकून त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला, आणि अर्ध्यावरूनच खाली आला.