कौल आणि कंत्राट

माझ्या शेडच्या दारात उभं राहिलं की शेजारी वहिनींच्या वर्कशॉपची पाटी दिसते. मिस्त्रींच्या वेळी तिथे नुसतं 'फॅब्रिकेशन' एवढंच होतं. वहिनींनी खाली लाल अक्षरांत 'शासकीय कंत्राटदार' असं लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून माझी वेल्डिंगची काच डोळ्यांवर असली तरी मला ती दोन शब्दांची ओळ वाचता यायला लागली. हेवा म्हणतात तो असा असतो. उघडून बघावा लागत नाही, तो आपणहून दिसतो.

मी जतकडचा. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर घाट उतरून कोकणात शिरोड्याला आलो, ते मिस्त्रींच्या दारात. मिस्त्रींनी मला विचारलं ते एवढंच, "जेवलंस?" मी नाही म्हणालो. त्यांनी पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला. बांगडा कसा खायचा ते माहीत नव्हतं. काटा घशात अडकला आणि मिस्त्री पोट धरून हसले. पुढची सगळी वर्षं लोखंड कापायला, जोडायला त्यांच्याकडे शिकलो. मग एक दिवस त्यांनीच आपल्या शेडला लागून पत्रे मारून दिले आणि म्हणाले, "आता तुझा तू बघ." असा माणूस कुणाला मिळतो? मी रोज सकाळी शटर उघडताना त्यांचे उपकार आठवतो, आणि शटर पूर्ण वर जायच्या आधीच ती पाटी दिसते.

मिस्त्री थकून घरी बसले, त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला. वर्कशॉप त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, हातात घेतलं. वहिनींना वेल्डिंग येत नाही, येण्याची त्यांना गरजही वाटत नाही. त्यांच्याकडे दोन चांगले कारागीर आहेत. त्यांना कागद येतो. त्यांनी लहान उद्योगाची नोंदणी केली, जीएसटी काढला, डिजिटल सही घेतली. ही सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक काडी, ती लॅपटॉपला लावल्याशिवाय सरकारी टेंडर भरता येत नाही. आधी त्यांनी एका शाळेची बाकडी दुरुस्त केली, मग ग्रामपंचायतीचं गेट. प्रत्येक कामानंतर 'काम समाधानकारक' असा दाखला मागून घेतला. त्या दाखल्यांवर मोठं काम मिळालं. आता तालुक्याच्या ऑफिसची जीप आली की त्यांच्याच दारात थांबते. माझ्या दारात थांबते ती वळवायला.

मी एकदा धीर करून विचारलं, "वहिनी, यात शाळेचा दाखला लागतो का हो?"

"कित्याक? लग्न जमवचा हा काय?" वहिनी म्हणाल्या. "भावजी, आधार, पॅन, बँकेचा पासबुक, शेडीचो भाडेकरार. तुमी किती शिकलास ता कोण इचारीत नाय."

कुणी विचारत नाही! मी इतकी वर्षं त्याच भीतीने त्या ऑफिसच्या पायऱ्या चढलो नव्हतो. वहिनींनी मला शेजारी बसवून नोंदणी करून दिली, जीएसटीवाल्याचा नंबर दिला, सहीची काडी कुठे मिळते ते सांगितलं. त्या एकेक गोष्ट समजावत होत्या आणि मी मनात म्हणत होतो, हिला हे सगळं किती सहज येतं. उपकार घेताना पोटात जळू नये असा काही नियम असेल तर तो मला लागू नव्हता.

मग मीही तसंच केलं. अंगणवाडीची खिडकी, पंचायतीच्या पाण्याच्या टाकीची शिडी. दोन दाखले जमले. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "सरकारी नोकरी लागली व्हय रं?" तिला समजावून सांगता सांगता माझाच गोंधळ झाला.

तेवढ्यात ते टेंडर निघालं. समुद्रावर जाणाऱ्या वाटेला रेलिंग आणि बसायला बाकडी. काम ना फार मोठं ना छोटं. माझ्या दोन दाखल्यांत बसणारं. हे मिळालं तर मीही लाल अक्षरं लिहू शकलो असतो. अडचण एवढीच की वहिनींच्या दाखल्यांतही ते आरामात बसत होतं.

मिस्त्रींच्या घरची एक रीत आहे. मोठं काम घ्यायचं तर आधी गावच्या देवळात कौल लावायचा. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना चिकटवतो, आणि घरचा माणूस समोर हात जोडून उभा राहतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. वहिनींची काडी, वहिनींचा लॅपटॉप, पण मिस्त्रींनी देवळातून सांगितल्याशिवाय त्या बटण दाबत नाहीत.

मला त्या कौलाचाही हेवा वाटायचा. तिला विचारायला देव आहे, आणि तो उत्तर देतो. मी गुरवाला सहज म्हणालो, "माझ्यासाठी पण लावा की." गुरव हसला. "तुझो गाव खंयचो? थयच्या देवाक इचार." माझा देव जतच्या माळावर, आणि तो पाकळ्यांच्या भानगडीत पडत नाही. मी शेवटच्या दिवशी सकाळी चहा पिऊन टेंडर भरून टाकलं.

त्याच दिवशी मिस्त्री देवळात उभे. आदल्या दिवशी देवाने डावा दिला होता, म्हणून ते पुन्हा विचारायला गेले होते. त्या दिवशी पाकळी पडेचना. हवा दमट, पाकळ्या ओल्या, त्या पाषाणाला चिकटून बसल्या. वहिनी लॅपटॉप उघडून, सगळे कागद चढवून बसलेल्या. माझ्या शेडमध्ये मला त्यांचा फोनवरचा आवाज येत होता.

"बाबा, पडली?"

थोड्या वेळाने पुन्हा. "बाबा, जरा फुंकर मारूक सांगा गुरवाक!"

आणि मग, "अहो, तीन वाजता बंद होता ता!"

मिस्त्री फोनवर काय म्हणाले ते मला नंतर कळलं. ते म्हणाले, "देवाक घाई करतंस?"

पाकळी पडली. उजवी पडली, स्वच्छ, सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्री आनंदाने फोनवर ओरडले. पण तोवर पोर्टल बंद झालं होतं.

"देवान दिल्यान," वहिनी लॅपटॉप मिटत म्हणाल्या, "पोर्टलान नाय दिल्यान."

मी शेडमध्ये तोंड फिरवून हसलो. त्या रात्री आईला सांगितलं की काम माझंच. एकटाच तर भरणारा मी, दुसरं कुणाला मिळणार?

ऑफिसात गेलो तेव्हा कारकून म्हणाला, "एकच निविदा आली. पहिल्या खेपेला एकट्याची उघडत नाहीत. फेरनिविदा निघेल."

"पण साहेब, मी वेळेत भरली होती."

"तुम्ही भरलीत हो. दुसऱ्या कुणी भरली नाही, त्याला मी काय करू? स्पर्धा नको का?"

"आणि परत मी एकटाच राहिलो तर?"

"मग साहेब काय ठरवतील ते आज नाही सांगता येणार."

शिरोड्याला परत येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात गरगरत होतं. माझ्या निविदेला दुसरी निविदा हवी होती. कुडाळकडचा एक जण भरेल असं ऐकलं होतं, पण ऐकलेल्यावर कोण विसंबून राहणार? उरली कोण, तर जिची पाटी मला बघवत नव्हती ती.

संध्याकाळी मिस्त्रींच्या पडवीत जाऊन बसलो. वहिनी भाजी निवडत होत्या.

"मिस्त्री, कौल लावा," मी म्हणालो. "पण यावेळी जरा लवकर लावा."

मिस्त्रींनी चष्म्यावरून बघितलं. "तुका आमचो कौल कित्याक होयो?"

"तुम्ही भरल्याशिवाय माझं उघडत नाही."

वहिनी हातातली भाजी टाकून इतक्या हसल्या की आतून सासूबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. "म्हणजे आमका हरवूक आमकाच बोलवक इलास?"

"तसं नाही वहिनी…"

"तसाच. बरा हा." त्या एकदम गंभीर झाल्या. "भावजी, एक सांगतंय. मी भरतंय तर जिंकूक भरतंय. तुमचो दर माका नको, माझो तुमी इचारूचो नाय. उद्यापासून टेंडरचा एक अक्षर बोलाचा नाय."

आणि खरंच बोलल्या नाहीत. वाळणाऱ्या रंगाबद्दल बोलल्या, मासळीच्या भावाबद्दल बोलल्या, टेंडरवर गप्प. मिस्त्रींनी यावेळी आठवडाभर आधी कौल लावला. पहिल्याच झटक्यात उजवा. ती बातमी ऐकून मला जेवण गेलं नाही. देवही तिचा, दाखलेही तिचे, जीपही तिचीच. माझ्याकडे अर्धवट नववीची हिंमत आणि भाड्याची शेड. दर लावताना मी चार वेळा खोडून लिहिला. खाऱ्या वाऱ्याला टिकायचं तर दोन हात रंग लागतो, तो कमी करता येत नव्हता. शेवटी माझीच मजुरी थोडी खाली आणली.

कुडाळवाल्यानेही भरलं. तीन निविदा उघडल्या. सगळ्यात खालचा दर माझा होता, वहिनींच्या थोडासाच खाली.

मला बातमी कळली ती वहिनींकडून. त्या माझ्या शेडच्या दारात आल्या, लॅपटॉप हातात तसाच उघडा. "गावला तुमका," म्हणाल्या, म्हणजे मिळालं. मग, "स्वतःचो घाम धरलात मा दरात? की फुकट?"

"धरलाय."

"किती?"

"वहिनी, दर विचारायचा नाही ठरलंय."

त्या वळून निघून गेल्या. पाठमोऱ्या हसत होत्या की नाही, ते मला कळलं नाही.

मला काळजी मिस्त्रींची होती. देवाने उजवा दिला आणि काम दुसऱ्याला गेलं, म्हातारा आता काय म्हणेल? मी पेढे घेऊन गेलो तर त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "देवान भरूक होय म्हटल्यान. गावतला म्हणून खंय सांगल्यान?"

कामाचा आदेश आला. पहिला खड्डा खणायच्या सकाळी मिस्त्री न बोलावता नारळ घेऊन वाटेवर हजर. गुरवही आला, दोन्ही शेडचे कारागीर आले, आणि वहिनीही. मला वाटलं नारळ फोडतील आणि संपेल. पण मिस्त्रींनी नारळ समुद्राकडे धरला आणि खड्या आवाजात देवाला घालायचं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"घाटावरसून इललो ह्यो तुझो झील तुझ्या वाटेर रेलिंग घालता हा. हेका गाव इचारू नको म्हाराजा, माझ्या शेडीक लागलेली हेची शेड!"

"होय म्हाराजा!"

"खाऱ्या वाऱ्यान हेचा लोखंड खाऊ नको. जो वायट चिंतीत तेका शाणपण दी. हेचा काम साहेबाच्या मनात भरू दी, आणि हेच्या आवशीक एकदा तुझो समुद्र बघूक हाड म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

माझ्या आईला समुद्र दाखवायच्या या शेवटच्या मागण्याला एक आवाज जरा मागे राहिला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. वहिनी ओठ घट्ट मिटून सासऱ्याकडे बघत होत्या.

"माझ्या पयल्या कामाक," त्या कुणाला उद्देशून न बोलता म्हणाल्या, "बाबांनी नुसतो नारळ फोडलो. दोन शब्द बोलूक नाय."

तो चेहरा मी लगेच ओळखला. इतकी वर्षं मी तोच चेहरा घेऊन त्यांच्या पाटीसमोर उभा राहत होतो. मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मला भरून आलं, पण ते मिस्त्रींनी मला देवाचा झील, देवाचा मुलगा म्हटल्यामुळे. वहिनींकडे बघून मात्र गोड वाटलं, अगदी पोटभर गोड.

मी खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, पहार उचलली आणि पहिला घाव घातला.