मंगळवारची विहीर

आमच्या पाड्यावर मंगळवारी विहिरीत कोणी कळशी सोडत नाही. विहिरीलाही एक दिवस आराम हवा, असं जुनी माणसं सांगत आली. मी सून म्हणून आले तेव्हा मला हा सगळा खुळेपणा वाटला होता, पण बोलायची सोय नव्हती. पुढे ग्रामपंचायतीने विहिरीचं पाणी मोजायचं काम माझ्याकडे दिलं आणि हीच रीत माझ्या उपयोगी पडली. मंगळवारी सकाळी टेपला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, संध्याकाळी पुन्हा घ्यायचं, वहीत लिहायचं. दिवसभर उपसा नाही म्हटल्यावर झऱ्यांनी पाणी थोडं वर यायला हवं. दोन वर्षं ते येतही होतं.

यंदा होळीनंतर ते उतरायला लागलं. एका मंगळवारी चार बोटं, पुढच्या मंगळवारी वीतभर.

मी टेप तपासला, वजन तपासलं, माझे डोळेही तपासून आले. मग मनात आलं ते एकच. कोणीतरी मंगळवारी चोरून पाणी काढतंय.

विहिरीला लागून एकच घर, मावशीचं. नात्याने माझी कोणी नव्हे, अख्ख्या पाड्याची मावशी. नवरा वारलेला, मुलगी मुरबाडला दिलेली. तिच्या परसातली वांगी चैत्रातही हिरवीगार असत आणि ती धसईच्या बाजारात नेऊन विकायची. मोरीचं पाणी ती झाडांना फिरवते हे मला ठाऊक होतं. तरी मी पाड्याच्या बैठकीत उभी राहिले, आकडे वाचले आणि म्हणाले, "पाणी आपोआप उतरत नाय. कोन काढतं ते ज्याचं त्याला म्हाईत."

नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही, सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून मावशी विहिरीवर आली की बाकीच्या आपापल्या कळशा उचलून लांब उभ्या राहायच्या. चार दिवसांत तिने येणंच सोडलं. ओढ्याच्या वाळूत डवरा उकरून त्यात झिरपणारं पाणी ती वाटीवाटीने कळशीत भरू लागली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे कबूल करते. मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं.

म्हणून पुढच्या मंगळवारी मी सकाळपासून विहिरीच्या काठावर, करंजाच्या सावलीत वही घेऊन बसले. मावशी दारात आली. मला पाहून आत जाईल असं वाटलं होतं. ती सरळ आली आणि समोरच्या काठावर बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.

"तू बस. मी पन बसते. माजे हात दिसू दे तुला."

ऊन चढलं. वारा पूर्ण पडला, करंजाचं पान हलेना. लांब सिद्धगड धुरकटून दिसेनासा झाला. विहिरीत पाणी काचेसारखं स्थिर होतं. कप्पीवरचा दोर कोरडा ठणठणीत लोंबत होता.

बारा वाजले असतील. पाण्याच्या वरच्या दगडावर मला एक ओला पट्टा दिसला. सकाळी तो नव्हता. मी डोळे चोळले. पट्टा बोटभर रुंद होता, बघता बघता दोन बोटं झाला. कुठे थेंब पडल्याचा आवाज नाही, तरंग नाही. एक बेडूक कपारीत बसला होता, पाणी त्याच्या पायाखालून निघून गेलं आणि तो तिथेच राहिला. मग पाण्यातून एक पायरी वर आली. शेवाळाने काळी झालेली, मधोमध पावलांनी झिजलेली. माझ्या सासूबाईंनीही ती पायरी कधी पाहिली नव्हती. कोणाची पावलं ती, कोण जाणे. विहीर आमच्या डोळ्यांदेखत कोणीतरी पीत होतं आणि काठावर आम्ही दोघीच होतो.

मावशीचे हात तसेच उताणे होते, पण आता ती वाकून विहिरीत बघत होती.

"कोन पितंय गो?" ती हळूच म्हणाली.

त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. तो तर दिवाळीपासून चालूच होता, आमचे कान सरावले होते. माळापलीकडच्या लांबलचक, बिनखिडक्यांच्या इमारतीची घरघर. डेटा सेंटर म्हणतात तिला. आत माणसं थोडी, यंत्रं फार. जगभरचे फोटो न् निरोप तिथे साठवतात म्हणे, आणि यंत्रं तापतात म्हणून त्यांना सतत गार ठेवावं लागतं. इमारतीच्या मागे बोअरवेल किती, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मी वही घेऊन ग्रामपंचायतीत गेले. भूजल खात्याचे साहेब आले. इमारतवाले म्हणाले, बोअर फक्त अडीनडीला वापरतो. साहेबांनी एका मंगळवारी सगळे बोअर बंद ठेवायला लावले. त्या दिवशी पाणी चार बोटं चढलं. मग ग्रामसभेत ठरलं की बोअरला मीटर बसवायचे, त्यांचे आकडे दर आठवड्याला फळ्यावर लावायचे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून तीन दिवस उपसा बंद. साहेबांनी आमच्या मंगळवारचं फार कौतुक केलं. तो पाळला नसता तर हे कधी कळलंच नसतं, म्हणाले. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मावशी तिथे नव्हती. मला मान वर करवेना.

संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. ती कळशीला चिंच लावून घासत होती.

"मावशी, माजं चुकलं. उद्यापासून विहिरीवर ये. सगल्याजणी बोलवतात तुला."

ती घासत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून मी वही पुढे केली. "हे बग, यात तुजं नाव कुटंच नाय. मी लिव्हलंच नव्हतं."

तिने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिव्हलं असतंस तर आज खोडता तरी आलं असतं," ती म्हणाली. मग तिने कळशी विसळली, काखेत घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागली.