रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरची भूक

आमच्या शेजारच्या मासेवाल्याला सगळे बुडबुडेराव म्हणत. पत्र्याच्या शेडमध्ये काचेच्या टाक्या, आणि हे गृहस्थ माशांशी गप्पा मारत बसलेले. बायको गेल्यावर माणसांशी बोलणं त्यांनी जवळजवळ टाकलंच होतं. तिनं वाढवलेल्या सोनेरी माशांची वीण मात्र जिवापाड जपली.

टाक्यांत हवा सोडणारे पंप एक जुना कॉम्प्युटर पाळीपाळीनं चालवायचा. एरवी तो नुसता बसून. एकदा वादळात विजेचे खांब आडवे झाले. वीज परतायचं नाव घेईना, इन्व्हर्टरची बॅटरी बसत चालली. ती पुरावी म्हणून त्यांनी पंपांच्या दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवलं. मी डोकावलो तर मासे वर येऊन आ वासतायत, आणि बुडबुडेराव वेड्यासारखे मगनं उंचावरून पाणी ओततायत. मीही मग उचलला. हात भरून आले, माशांचं आ वासणं मात्र थांबलं नाही!

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण स्वतःचा कॉम्प्युटर काखोटीला मारून आली.

"हा लाव."

"ताई, खुळी का तू? याच्या प्रोसेसरच्या खोक्यावर एकशे पंचवीस वॅट लिहिलेत. माझ्याच्यावर पासष्ट!"

"गाढवा, तो आकडा राबतानाचा. लोळत पडल्यावर किती चरतो ते खोक्यावर नसतं." तिनं पिशवीतून मीटर काढून जुन्याच्या प्लगला लावला. काहीही न करता तो साठ खात होता. "माझा घरी मोजलाय. रिकामा असला की विशीत राहतो."

बुडबुडेरावांनी मीटर पुन्हा वाचला. "म्हणजे इतका वेळ मीच…"

"रडायचं मागाहून. पंपांचा प्रोग्रॅम आहे ती डिस्क काढ."

जुना बंद केला तसे सगळे पंप थांबले. शेडमधला बुडबुड आवाज गेला. डिस्क नव्यात बसली. पडद्यावर अक्षरं आली: तयारी चालू आहे, बंद करू नका.

"याला आत्ताच नटायचं होतं!" ताई ओरडली.

सोनेरी मासे एकेक करून कलायला लागले. बुडबुडेरावांनी दोन्ही हात टाकीत घालून पाणी घुसळायला घेतलं. "थांबा रे… थांब गं, आलंच…" ते कुणाशी बोलत होते, आम्ही विचारलं नाही.

शेवटी पंप गुरगुरला. बॅटरी वीज येईपर्यंत टिकली. बाकीच्या टाक्या तरल्या. सोनेरी मात्र दोनच उरले. नर-मादी असले तरच ती वीण पुढं चालायची, आणि ते म्हणे विणीच्या दिवसांतच कळतं.

तेव्हापासून बुडबुडेराव त्या टाकीपुढून हलत नाहीत.

"असा टक लावून बघू नकोस, लाजतील बिचारे," ताई म्हणते.

बुडबुडेराव हसत नाहीत.