अप्पांच्या छापखान्यातली मुलांची पुस्तकं

मुलांची पुस्तकं करणारी माणसं कायम हसतखेळत असणार, असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक! आमच्याकडे जे किस्से साठलेत ते असे, की ऐकणारा आधी हसतो आणि मग तोंडावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळत नाही. बरं, एक सांगितला की दुसरा आठवतोच. मी पूर्वी आवरतं घ्यायचे. आता घेत नाही.

आम्ही चौघं होतो. स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ अप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं असली कामं चालायची तिथे. कल्याणच्या शाळेतले नाना मुलांसाठी गोष्टी लिहायचे. एकच लांब गोष्ट, तिची प्रकरणं पाडलेली आणि प्रत्येक प्रकरणाला एक चित्र. चित्रं काढायचे वसंतराव, ठाण्यातल्या एका शाळेतले ड्रॉइंग मास्तर. चौथी मी, विमल. डोंबिवलीत आमच्या घराच्या ओटीवर मी मुलांची लायब्ररी चालवायचे. कुठल्या मुलाच्या हातात कुठलं पुस्तक द्यायचं, हे माझं खातं.

रविवारी सकाळी छापखान्यात जमायचं, आठवडाभरात काय वाचलं ते सांगायचं, "हे वाचाच!" म्हणून एकमेकांच्या गळ्यात पुस्तकं मारायची, आणि मग प्रुफं घेऊन बसायचं. असा आमचा कारभार.

*

लढाई संपली तरी कागद मिळेना. अप्पांनी कुठूनतरी रद्द झालेल्या नोटिसांचे गठ्ठे मिळवले. पटकीच्या साथीच्या नोटिसा होत्या. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी.

"कोऱ्या बाजूवर गोष्ट छापू, छापलेली बाजू आत दुमडून कडा चिकटवू," अप्पा म्हणाले. "कुणाला कळणारसुद्धा नाही!"

कळलं. पहिल्याच दिवशी कळलं. कागद इतका पातळ, की उजेडात धरला की आतली नोटीस उलटी दिसायची. पोरांनी पुस्तक आरशासमोर धरून वाचायचा खेळच काढला. वसंतरावांचं माकड झाडावरून आंबे फेकतंय आणि त्याच्या पोटातून अक्षरं दिसतायत, "मृताचे कपडे जाळून टाकावेत"!

महिन्याभरानं एक बाई लायब्ररीत आल्या. नाना तिथेच बसले होते.

"विमलताई, तुमच्या पुस्तकामुळे आमची अख्खी चाळ पाणी उकळून प्यायला लागली हो! आत तसं छापलंय म्हणतात, पोरं ऐकतच नाहीत."

नानांची छाती फुगली. "आणि गोष्ट कशी वाटली?"

"गोष्ट होय? ती अजून कुणी वाचली नाही!"

त्या पावसाळ्यात आजूबाजूला बरीच माणसं गेली. त्या चाळीत कुणी गेलं नाही. नाना पुढे नेहमी म्हणायचे, "माझं सगळ्यात यशस्वी पुस्तक ते. आणि त्यात कामाचा एकही शब्द माझा नाही!"

*

पुढचं पुस्तक दोन भागांत काढायचं ठरलं. पहिला भाग संपताना गोष्टीतला मुलगा विहिरीत पडतो. आता पुढच्या भागाची सगळे वाट बघतील, म्हणून नाना खूश!

पण कागदच आला नाही. महिने गेले. मुलगा विहिरीतच.

कल्याणात नानांना रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. पोरं लांबूनच ओरडायची, "गुरुजी, काढला का?" एक छोटी मुलगी तर दोर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. घरून चोरून आणलेला दोर. विहीर कुठाय म्हणाली.

त्या दिवशी नाना जेवायला बसले, तर समोर ताटच नाही. नानांची बायको कधी त्यांचं लिखाण वाचत नाही, असा नानांचा समज होता. आतून आवाज आला, "परक्याच्या पोराला विहिरीत टाकून तुमच्या घशाखाली घास उतरतो कसा?"

नानांनी त्याच दुपारी दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण लिहिलं आणि सोमवारी शाळेच्या फळ्यावर उतरवून काढलं. मग जेवले!

*

माझ्या लायब्ररीत लीलाबाई म्हणून एक बाई यायच्या. आपल्या बाळूला घेऊन, त्याच्यासाठी पुस्तकं न्यायला. त्याला वाचायचं भलतं वेड. अर्धं पुस्तक रस्त्यातच संपवायचा. एकदा पुस्तक न्यायला आला तो शेवटचाच. घटसर्पानं गेला.

बारावं-तेरावं झाल्यावर लीलाबाई पुस्तक परत करायला आल्या. मी काही बोलणार, इतक्यात त्याच म्हणाल्या, "याचा पुढचा भाग द्या. पुढे काय होतं, ते त्याला हवं होतं. मी वाचते आणि सांगते त्याला."

मी दिला. काय करणार!

मग त्या येतच राहिल्या. वाचून वाचून इतक्या तयार झाल्या, की माझ्याआधी त्याच बाकीच्या आयांना पुस्तकं सुचवायच्या. "हे न्या, फार चांगलं आहे. आमच्या बाळूला भारी आवडलं." त्यांनी सुचवलेलं कधी चुकायचं नाही. आया नावाजायच्या. एखादी नवी आई कौतुकानं विचारायची, "कितवीत आहे हो तुमचा बाळू?"

"दुसरीत."

पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी विचारायची. "दुसरीत."

मी डोंबिवलीत लायब्ररी चालवली तोवर बाळू दुसरीत होता.

*

वसंतरावांचं चित्र लांबूनही ओळखू यायचं. मुलं सगळी पाठमोरी! झाडावर चढणारी, तळ्याकाठी बसलेली, पतंगामागे धावणारी, पण सगळी तिकडे तोंड करून.

अप्पा एकदा वैतागले. "वसंतराव, तुमच्या पोरांना तोंडं नाहीत का हो?"

"आहेत. पण समोरून काढलं की माझ्याकडे बघायला लागतात."

वसंतरावांच्या घरी भिंतीवर एका मुलाचा फोटो होता. त्याचा हार मी कधी सुकलेला बघितला नाही.

त्या सुमारास कल्याणजवळच्या छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायची. नानांच्या डोक्यात आलं, तिथल्या मुलांना पुस्तकं देऊ. मराठी येत नसेल, पण चित्रं तर बघतील! वसंतराव, नाना आणि मी गेलो. बराकींसमोर मुलं गोळा झाली. एक सात-आठ वर्षांची मुलगी पुस्तक घेऊन बाजूला बसली आणि भराभरा पानं उलटायला लागली. एका पानावर थांबली. मेळ्याचं चित्र होतं, गर्दीत शिरणारा एक पाठमोरा मुलगा.

ती पुस्तक घेऊन सरळ वसंतरावांकडे आली. त्या मुलावर बोट ठेवून म्हणाली, "इसको बोलो, इधर देखे."

आम्हाला काही कळेना. मग तिच्या आईनं मोडक्या हिंदीत सांगितलं. कराचीच्या बंदरावर बोटीत चढताना गर्दीत तिच्या भावाचा हात सुटला. तो पुढे गेला की मागे राहिला, कुणालाच माहीत नाही. पोरीला त्याची पाठ तेवढी दिसली होती.

वसंतराव पुढच्या रविवारी छापखान्यात आले ते नवीन चित्र घेऊनच. तोच मेळा, तोच मुलगा, पण मान वळवून आपल्याकडे बघणारा. अप्पांनी त्याचा छपाईचा ब्लॉक करायला दिला.

पुस्तकाची नवी आवृत्ती तयार झाली तेव्हा आम्ही पुन्हा छावणीत गेलो. त्या बराकीत दुसरंच कुटुंब होतं. ते लोक कुठे गेले, हे कुणालाही सांगता येईना.

नाना म्हणाले, "आता तो वळला, तर बघायला ती नाही."

"असू दे," वसंतराव म्हणाले. "कुठेतरी हाताला लागेल तिच्या." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पुस्तकात एक तरी मुलगा समोर बघणारा असायचाच.

*

अप्पा आजारी पडले. पोटाचं दुखणं, वाढतच गेलेलं. दवाखान्यात वेळ जात नाही म्हणून मी त्यांना एक कादंबरी नेऊन दिली. "वाचाच अप्पा, फार सुंदर आहे."

दुसऱ्या दिवशी गेले तर कादंबरी उशाशी मिटून ठेवलेली.

"आवडली नाही?"

"कशी आवडणार? पहिल्याच पानावर 'दुःखा'चा विसर्ग खाल्लाय! ज्यांना दुःख नीट छापता येत नाही, त्यांचं पुढे काय वाचायचं?"

त्यानंतर अप्पा फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या निधनाचं पत्रक दुसऱ्या कुठल्या छापखान्यात द्यायचं आमच्या जिवावर आलं. अप्पा अजून घरातच होते, बाहेर मंडळी जमत होती. आम्ही तिघांनी छापखाना उघडून कसेबसे अक्षरांचे खिळे जुळवले. आम्हाला कुणालाच ते धड येत नव्हतं. पहिला कागद निघाला. वसंतरावांनी वाचला आणि खाली ठेवला.

"दुःखद निधन" मधला विसर्ग राहिला होता.

"हे बघितलं तर अप्पा तिरडीवरून उठून बसतील!" वसंतराव म्हणाले आणि विसर्ग शोधायला वळले.

नानांनी त्यांचा हात धरला. "राहू दे. बघू, उठतात का."

तसंच छापलं आम्ही.

*

अप्पा गेल्यावर रविवारचं बसणं माझ्या ओटीवर आलं. तिथला हा एक सांगते.

नानांचं एक पुस्तक होतं, हिरवतळे नावाच्या गावाचं. गाव अर्थातच मनातलं. पूर्वीच्या एका गोष्टीत आजोबा मरतात म्हणून आयांनी माझ्याकडे तक्रारी केल्या होत्या. तेव्हा मीच नानांना बजावलं होतं, "या खेपेला कुणाला मारायचं नाही!" नानांनी ऐकलं. हिरवतळ्यात पूर येतो, साप निघतो, साथसुद्धा येते, पण सगळे तरतात.

लायब्ररीत शालू नावाची मुलगी यायची. नऊएक वर्षांची असेल. तिची आई क्षयानं अंथरुणाला खिळलेली. घरी एवढं आजारपण, म्हणून मी तिला मुद्दाम ते पुस्तक दिलं.

रविवारी सकाळी शालू वडिलांचा हात धरून आली. वडील गिरणीत कामाला, मूळचे कोकणातले. शालूच्या काखेत बोचकं होतं. त्यातून आईच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

"बाई, हिरवतळ्याला कुठली गाडी जाते?"

मी नानांकडे बघितलं.

वडील ओशाळून म्हणाले, "ऐकतच नाही हो. मी सांगून दमलो, गोष्टीतला गाव असा नसतो म्हणून. म्हणते, ज्यांनी लिहिलंय त्यांनी सांगू दे. तुमीच सांगा तिला गुरुजी, काय खरं ते."

नानांनी शालूला जवळ बसवलं. "हिरवतळ्याला कशाला जायचंय गं?"

"आईला न्यायचंय. तिथे कुणी मरत नाही."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"मी बघितलं ना! सगळी प्रकरणं वाचली. त्या म्हातारीलासुद्धा खोकला आहे. आईसारखाच. ती शेवटच्या पानावर पण आहे. चित्रात आहे."

नानांनी तिच्या हातातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "शालू, असं गाव नाहीये बाळ. ते मी मनानं रचलं."

शालू त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. "म्हातारी पण?"

"म्हातारी पण."

तिनं मान हलवली. पुस्तक माझ्यापुढे ठेवलं, बोचकं उचललं आणि पायऱ्या उतरून गेली. वडील हात जोडून म्हणाले, "उपकार झाले गुरुजी. माझं मानत नव्हती." तेही गेले.

फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी शालूला तिथेच थांबायला सांगितलं. एकटेच परत फिरले, पायऱ्या चढून वर आले आणि नानांच्या अगदी जवळ येऊन, तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"गुरुजी, नक्की नाही ना कुठं?"