कचेरीच्या अंगणातली पंगत

बीदरचे श्रीपतराव वकील लेकराच्या ताब्याचा दावा घेतला की कागदाआधी लेकराशी ओळख करून घेत. निजामाच्या राज्यात माझाही दावा त्यांनीच चालवला. आईबाप प्लेगात गेल्यावर मला मेहकरच्या नागूआजीनं, आईच्या आईनं, वाढवलं. मी सहा वर्षांची झाले अन् खजुरीचे ग्यानबाकाका, बापाचे भाऊ, न्यायला उभे राहिले. "आमची लेक आमच्या घरी," म्हणून कचेरीत गेले.

"कुणाकडं राहतीस?" असं मुन्सफसाहेबांनी श्रीपतरावांकरवी पुसलं, तर भीतीनं माझं तोंडच उघडेना. श्रीपतराव म्हणाले, "साहेब, तिला जरा खेळू द्या." अंगणात त्यांनी मला पळसाची पानं अन् चिंचेचा पाला आणून दिला. मी स्वयंपाक मांडला. ते धोतर सावरून आजीशेजारी मातीतच बसले. काकांनाही बसवलं. मुन्सफसाहेब ओसरीवरून बघत होते.

मी पहिल्यांदा काकांना वाढलं. काका फुलले. "बघा साहेब, आधी मला वाढायलीय!"

"पाव्हण्याला आधी वाढत्यात," मी म्हणाले. "आजी अन् मी घरच्या. आम्ही मागून जेवताव."

श्रीपतरावांनी ते उर्दूत सांगितलं तसे मुन्सफसाहेब हसले. काकाही हसले, अन् डोळे पुसत म्हणाले, "व्हय गं माय, मी पाव्हणाच. ऱ्हा आजीपाशी. मी येत जाईन."

देवाच्या दयेनं दावा तिथंच मिटला. श्रीपतराव मात्र उठेनात. "राजूबाई, वकिलाला उपाशीच ठेवायलीस का गं?"

मी त्यांना ओंजळ भरून पाला वाढला.