विमानं उघडणारे मिस्त्री

आमचे मिस्त्री कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याची परवानगी घेत. तळहात त्यावर टेकवून पुटपुटत, "उघडतो रं बाबा. राग धरू नको." कर्जतच्या भातगिरणीतलं इंजिन असो, नाहीतर आसामच्या जंगलात नाक खुपसून पडलेलं जपानी विमान असो, बोलणं तेच. गोरे सोल्जर हसत. मिस्त्रीही त्यांच्याकडे बघून हसत आणि पाना लावत.

लढाईत आम्ही एकाच तुकडीत पडलो, हा निव्वळ योगायोग. ते भिवपुरीजवळच्या गावचे, चाळिशीचे. मी कर्जतचा, पंचविशीचा, लढाईआधी थोडे दिवस शाळेत शिकवलेला. म्हणून त्यांच्या लेखी मी कायमचा 'मास्तर'. ते फिटर, मी कारकून. शत्रूचं विमान पडलं की आम्ही तिथे जायचं, इंजिनावरच्या, होकायंत्रावरच्या, चाकांवरच्या नंबरांच्या पट्ट्या काढायच्या आणि लष्कराच्या हेरखात्याकडे पाठवायच्या. त्या नंबरांवरून विमान कुठे आणि केव्हा बनलं ते साहेबलोक ताडत. मिस्त्री पट्ट्या काढत, मी त्यांना चिठ्ठ्या बांधून वहीत नोंद करी.

मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती, पण बोटांना सगळं कळे. एखादा बोल्ट चाचपून म्हणत, "ह्यो दुसऱ्यांदा लावलेला हाय, मास्तर. इमान दुरुस्तीतनं आलंय." आणि ते खरं निघे. साहेब शाबासकी मात्र मला देई, कारण इंग्रजीत अहवाल मी लिहीत असे. मीही ती मुकाट्याने घेई.

एकदा एका विमानात वैमानिक बसल्या जागी मेलेला सापडला. विशीतलं पोर. कमरेला पांढऱ्या कापडाचा पट्टा आणि त्यावर लाल दोऱ्याच्या शेकडो गाठी. वैमानिकाच्या अंगावरची चिंधीसुद्धा साहेबाकडे पाठवायची, असा सक्त हुकूम होता. मिस्त्रींनी पट्ट्याला हात लावला आणि तसाच ठेवला.

"ह्या गाठी एका हातच्या नायत, मास्तर. गावच्या बायांनी बसून घातल्यात. आपल्यात माणूस गेला का सोयरे येऊन मढ्यावर कापड घालतात. ह्याचं हितं कोन हाय घालायला? घरचं हे एवढंच कापड हाय त्याच्या अंगावर. ऱ्हाऊ द्यायचं का? तुमी म्हनाल तसं."

त्यांनी मला विचारलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. माझी आई गेली तेव्हा मामा चौक गावाहून धापा टाकत लुगडं घेऊन आला होता, ते मला आठवलं. "राहू द्या," मी म्हणालो आणि वही मिटली. मिस्त्रींनी पोराला पट्ट्यासकट पुरलं आणि मलाही मूठभर माती घालायला लावली.

आठवडाभराने साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. दुसरीकडे सापडलेल्या अशा गाठींच्या कमरपट्ट्यांवर पलटणींची नावं मिळाली होती. आपल्या वैमानिकाचा पट्टा कुठे? माझी पाचावर धारण बसली. "मला माहीत नाही साहेब, प्रेत मिस्त्रींनी पुरलं," मी इंग्रजीत म्हणालो. शेजारी उभ्या मिस्त्रींना त्यातलं अक्षरही कळलं नाही. मग साहेबाने त्यांना विचारलं, कारकुनाला हे ठाऊक होतं का? दुभाष्या मीच. मी प्रश्न मराठीत सांगितला.

मिस्त्री माझ्याकडे बघून अगदी हळू बोलले, "सायबाला सांगा, मास्तरला ठावं नव्हतं. दोघांनी कशाला मरायचं?"

त्यातलं पहिलं वाक्य मी चोख भाषांतर करून साहेबाला ऐकवलं.

ज्याने पुरलं त्यानेच उकरायचं, असा हुकूम झाला. मिस्त्रींनी उकरलं. पट्ट्यावर गाठींखेरीज काही निघालं नाही. मिस्त्रींना घरी पाठवलं, आणि 'शत्रूची वस्तू लपवली' असा शेरा कागदावर मारला. मी लढाई संपेपर्यंत राहिलो आणि बढती घेऊन परतलो.

पुढे मी कर्जतला शाळेत लागलो. मिस्त्री चौकाला एका गॅरेजात लॉऱ्यांखाली पाठीवर पडून काम करत होते. एवढ्या कसबी हाताचा माणूस, नुसते नट आवळत होता. खोपोलीकडच्या एका कारखान्यात फिटर हवे होते, पण तो शेरा बघून त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग ते माझ्याकडे आले. "तुमी अर्ज लिवा. तुमच्या लिवन्याला वजन हाय."

काय लिहायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. या माणसाने काही लपवलं नाही, त्याने कारकुनाला विचारलं, कारकून हो म्हणाला, तो कारकून मी. दोन ओळींचं काम. पण माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. मी पानभर मजकूर लिहिला: मेहनती आहेत, निर्व्यसनी आहेत, स्वभावाने गरीब आहेत. तो वाचून दाखवला तेव्हा मिस्त्रींचे डोळे भरून आले. अर्ज अर्थातच फेटाळला गेला. मी भेकड होतो, आणि सुवाच्य अक्षराचा भेकड होतो.

शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने ते वऱ्हाडात कुठल्याशा जिनिंगमध्ये जायला निघाले. कर्जत स्टेशनवर मी पोचवायला गेलो. मिस्त्रींनी बायकोला पुढे केलं.

"ह्येच ते मास्तर. सायबानं दरडावलं तरी माझं नाव नाय घेतलं ह्येंनी. हितंबी अर्ज लिवून दिला. सख्खा भाऊ करनार नाय एवढं, गं."

ती माउली माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. डोक्यावरचा पदर सावरून ती भर फलाटावर वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. खरं काय ते सांगायचं, तर तेव्हाच. गाडी सुटायला अजून पाच मिनिटं होती.

मी पाय मागे घेतले नाहीत. "असू द्या, असू द्या," म्हणालो.