घाटाच्या फोटोला हार

श्यामला गायधनीला शिसारी आली की ती नुसतं नाक मुरडून थांबत नाही, गल्लीभर व्याख्यान देते. टपाल खात्यातून रिटायर झाली, जीभ मात्र अजून ड्यूटीवर!

शौक एकच. नाशिकच्या भद्रकालीतल्या रद्दीवाल्यांकडून जुनी चित्रांची पोस्टकार्डं शोधून आणायची. त्यातलं लाडकं कार्ड गोदेच्या घाटाचं. काळ्या दगडाच्या पायऱ्या, धुणं बडवणाऱ्या बायका, मोकळंढाकळं पाणी. त्याच पायऱ्यांवरून उड्या मारत ती पोहायला शिकली. आता तिथून जाताना पानवेलींचा कुजका वास, पिशवीसकट भिरकावलेलं निर्माल्य आणि वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स.

"ईऽऽ! तीर्थ म्हणे! मी यात पायपुसणंसुद्धा बुचकळणार नाही."

"तुला कोण सांगतंय?" तिचा नवरा ढुंढिराज म्हणतो. भटजी माणूस, पण तोंड तिच्याच तोडीचं. "घरात मशीन आहे की."

कुंभमेळ्याच्या तयारीत एक सुशोभीकरण समिती उगवली. घाटाच्या उरल्यासुरल्या पायऱ्यांवर टाइल्स टाकून सेल्फी पॉइंट करायचं ठरलं. समितीचा दिनेश घरी आला. "काकू, तुमची कार्डं प्रदर्शनात लावू द्या ना. लोकांना कळू दे, आपलं नाशिक कसं होतं!"

श्यामलाला वाटलं, लोकांनी या पायऱ्या एकदा नीट बघितल्या तर टाइल्स बसवूच देणार नाहीत. एरवी ती कार्डांना कुणाला हात लावू देत नाही. दिली.

उद्घाटनाला घाटाशेजारच्या मांडवात पाहुणे आले, नारळ फुटला. आणि जुना फोटो दिसला की आपल्या लोकांचे हात शिवशिवणारच! दिनेशनं कार्डांना झेंडूचे हार घातले, उदबत्ती लावली. पाहुण्यांनी ओल्या कुंकवाचं बोट थेट घाटावर टेकवलं. धुणं धुणाऱ्या बाईच्या तोंडावरून लाल ओघळ. मागे रांग लागली. पायऱ्या कुणी बघितल्याच नाहीत. डोळे मिटून नमस्कार, की सरळ बटाटेवड्याकडे.

"दिनेश! अरे, कोण मेलंय का?"

"आदरानं केलं ना काकू! आता तुमचा सत्कार. सोमवारी टाइल्सचं काम सुरू, आणि मागे या कार्डाचाच मोठा फ्लेक्स!"

ढुंढिराज कानाशी लागला. "तेराव्याला बोलावलंय हे आधी सांगायचंस, सोवळं आणलं असतं."

एरवी ती हसली असती. तिनं हार ओरबाडले, रुमालानं कुंकू टिपायला गेली तर ते पायऱ्यांवर आणखीच पसरलं. दिनेशनं शाल पुढे केली.

"ही नदीत टाक, बाबा. बाकी सगळं तिथेच टाकता ना?"

कार्डं पर्समध्ये घालून, घाण चुकवत ती तरातरा घाटावर उतरली आणि सिल्कच्या साडीनिशी पायरीवर फतकल मारून बसली.

"काकू, काय हे? उठा ना!"

"सोमवारी टाइल्स बसवायच्यात ना? बसवा. आधी मला उचला."